उणे नऊ चौरस मीटर

माझी महानंदा मावशी फायलींशी बोलते. उघडली तर लाडानं, "आली गं माझी बाय," आणि नाही उघडली तर बिलोलीच्या बाजारात अडलेल्या म्हशीशी आमचे आजोबा बोलायचे तसं. ही नक्कल मी घरी बिलोलीला गेले की सगळ्यांना करून दाखवते. खुर्चीत पुढं सरकायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि समोर बोट रोखून म्हणायचं, "कुठं तडमडलीस गं?" आजी इतकी हसते की तिला उचकी लागते. त्या एका दुपारची नक्कल मात्र मला जमत नाही. त्या दुपारी मावशी फाईल उघडून बसली आणि बोललीच नाही.

मी अकरावीसाठी लातूरला मावशीच्या दोन खोल्यांत राहते. मावशी एकटीच असते. वय एकोणचाळीस. औसा रोडला एका बी-बियाण्याच्या दुकानावर तिचं ऑफिस आहे, जिन्यात कायम फवारणीच्या औषधाचा वास. तिथं ती नकाशाचं काम करते. शिक्षण बारावी. आधी टायपिंग, मग सातबारे टाइप करायचं काम, मग व्हिडिओ बघून बघून पायथॉन शिकली. घरमालकिणीला तिनं समजावलं होतं, "साप न्हाई हो, भाषा हाय ती. कम्प्युटरला काम सांगायची." घरमालकीण म्हणाली, "तरी पर जपून गं बाई."

ऑफिसला काम मिळालं होतं एका नव्या रस्त्याचं. रस्ता औशाच्या पलीकडच्या बारा गावांच्या रानांतून जाणार होता. त्याच्या वाटेत काय काय येतं, विहिरी, गोठे, देवळं, मसणवटे, ते सगळं नकाशावर आणायचं. जे नकाशावर असेल त्याला रस्ता वळसा घालणार. जे नसेल त्याच्यावरून मशीन जाणार.

मोजणीची पद्धत अशी. रोव्हर नावाची दोन मीटरची काठी असते, तिच्या डोक्यावर अळंबीसारखी पांढरी टोपी. गावातला माहीतगार म्हातारा ती धरून हद्दीवरून चालत एक फेरी पुरी करतो. काठी दर सेकंदाला एक बिंदू लिहिते, कुठं आहे आणि किती वाजलेत. चार बोटांचासुद्धा फरक पडत नाही. संध्याकाळी त्या गावाची फाईल लातूरला येते. फाईल म्हणजे एक नाही, तीन. एकीत आकार, एकीत नावं, आणि तिसरीत कुठला आकार कुठं सापडेल ते. मावशी म्हणते, "भावंडं हायत ती. एक मागं ऱ्हायलं तर बाकीची दोघं घरात पाऊल टाकत न्हाईत."

मावशीनं पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती, कम्प्युटरला द्यायच्या हुकुमांची यादीच. बारा गावांच्या फायली एकामागून एक वाचायच्या आणि प्रत्येक तुकड्याची एक ओळ छापायची: गाव, गट नंबर, काय आहे, किती चौरस मीटर. एप्रिलची दुपार होती. ऑफिसात कूलर होता म्हणून मी कॉलेजवरून थेट तिथं आले होते आणि तिच्या शेजारी बसून कलिंगड खात होते. ओळी भराभर वर चालल्या होत्या.

"मावशी, हे उणे काय आहे?"

"कुठं?"

"हे बघ. स्मशानभूमी, उणे आठशे चाळीस चौरस मीटर. शून्याहून कमी जमीन असते?"

"असतीया की. तुझ्या डोक्यात." पण तिनं चष्मा वर सरकवला आणि स्क्रिप्ट थांबवली. दोन ओळी बदलल्या. आता फक्त उणे असलेलेच तुकडे छापायचे. बारा गावांत दहा निघाले. पहिले नऊ ओळीनं स्मशानभूमी, स्मशानभूमी, स्मशानभूमी. विहीर उणे नाही, देऊळ उणे नाही, गोठा उणे नाही. जिथं माणसं जाळतात तेवढीच जागा शून्याच्या खाली गेलेली.

माझं कलिंगड हातातच राहिलं. मावशीला मात्र गंमत वाटली.

"अगं, हे असं हाय. काठी घेऊन फिरताना जमीन उजव्या हाताला ठेवली तर ही फाईल म्हणती, आतलं सगळं जमीन. डाव्या हाताला ठेवली तर म्हणती, हे भोक हाय. शेतातून विहीर कशी वजा करतेत? तसं."

"म्हणजे प्रदक्षिणा घातली तर जमीन आणि उलटं फिरलं तर खड्डा?"

"हाव. तिकडं कुण्या गोऱ्यानं ठरवलेलं हाय, पर ठरवलंय आपल्या देवळासारखंच." तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

पलीकडं उमाशंकर. काठी घेऊन गावोगाव हिंडणारा तो. हा माणूस एका जागी उभा असला तरी धावत्या गाडीवरून ओरडल्यासारखा बोलतो. "म्याडम! बोला म्याडम! रेंज न्हाई म्याडम!"

"उमाशंकर, मसणवटे सगळे उलटे का फिरलास रे?"

"मी कशाला फिरू म्याडम! काठी म्हाताऱ्यायच्या हातात! मी म्हणलं आजोबा, उजवीकडनं चला, तर म्हणला, ‘मसणाला परदक्षिणा घालायला तिथं तुझा देव बसलाय का?’ सगळे डावा हात आत ठेवूनच फिरायलेत म्याडम. ह्या गावचा म्हातारा त्या गावच्याला वळखत न्हाई. पर मसण आलं की पाय सगळ्यायचे एकाच बाजूला वळायलेत!"

फोन ठेवून मावशी कामाला लागली. बिंदूंची रांग शेवटाकडून सुरुवातीकडं उलटी लावली की फेरी सुलटी होते. एक शब्द लिहायचा फक्त. एका मसणवट्यामागून दुसरा असं करत तिनं नऊच्या नऊ खड्ड्यांची जमीन केली. "चला, वर या," म्हणाली प्रत्येकाला.

मग दहावी ओळ राहिली. कवठाळवाडी. गट नंबर कोरा. काय आहे, कोरं. क्षेत्रफळ उणे नऊ चौरस मीटर.

मावशी गप्प झाली ती इथं.

कवठाळवाडी हे तिचं सासर. वीस वर्षांची असताना तिला तिथं मुलगी झाली होती. दहाव्या दिवशी गेली, बारशाला दोन दिवस होते, नाव ठेवायचंच राहिलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यानं, दगडोबानं, ते धडुत्यात गुंडाळलं आणि उजाडायच्या आत एकटाच घेऊन गेला. बाईमाणूस तिथं जात नाही आणि कुठं पुरलं ते विचारतही नाही. मावशीनं मात्र तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा म्हातारा म्हणाला, "इचारू नये." पुढं नवरा पुण्याला गेला आणि त्यानं तिकडंच दुसरं घर केलं. मावशी लातूरला आली. हे सगळं मला आईनं सांगितलेलं. मावशीच्या तोंडून त्या मुलीबद्दल मी एक अक्षरही ऐकलेलं नव्हतं.

आणि दगडोबा गावचा जुना कोतवाल. कवठाळवाडीत काठी धरून फिरलेला माहीतगार म्हातारा तोच.

मावशीनं तो तुकडा नकाशावर उघडला. दगडोबाच्या स्वतःच्या शेताच्या बांधावर, एका हिवराच्या झाडाखाली, चिमुकली वेटोळी रेघ. नऊ चौरस मीटर म्हणजे आमच्या लातूरच्या स्वयंपाकघराएवढी जागा. नव्या रस्त्याची लाल पट्टी बरोबर तिच्यावरून गेली होती.

"मसण तर वढ्यापल्याड हाय," मावशी कुजबुजली. "हितं डावी फेरी कशाला मारली?"

उत्तर दोघींनाही कळलं होतं. एकोणीस वर्षं जे तोंडानं सांगितलं नव्हतं ते म्हाताऱ्याच्या पायांनी सांगून टाकलं होतं.

तिनं त्या एका तुकड्याचे सगळे बिंदू वेळेसकट छापायला लावले. सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी फेरी सुरू. दोन बिंदूंत अर्ध्या हाताचं अंतर, म्हाताऱ्या माणसाची सावकाश चाल. फेरी पूर्ण झाली. मग काठी मधोमध गेली आणि थांबली. तोच बिंदू, तोच बिंदू, तोच बिंदू. ओळी वर सरकत राहिल्या आणि आकडे हलेनात. अकरा वाजून सहा मिनिटांपासून अकरा चव्वेचाळीसपर्यंत दगडोबा काठी धरून एका जागी उभा होता.

"अडतीस मिनिटं," मी म्हणाले. "एप्रिलच्या उन्हात?"

पण यादी तिथं संपली नव्हती. त्याच तुकड्यात अजून एक कडं होतं, पहिल्याच्या आत. ह्यात बिंदू फार जवळजवळ होते, टीचभर, कधी वीतभर. मध्येच दोन-तीन बिंदू एकाच जागी, मग एकदम पुढं, जसं कुणी अडखळावं, थांबावं, आणि दुडदुडत निघावं. एक फेरी झाली की लगेच दुसरी, मग तिसरी, मधोमध उभ्या माणसाच्या भोवतीनं. हे कडं उणे नव्हतं. ते उजव्या हातानं फिरलेलं होतं.

मावशीनं वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. अकरा वाजून सात मिनिटं. अकरा बारा. अकरा एकोणतीस.

त्याच अडतीस मिनिटांतली वेळ. काठी एकच होती. ती मधोमध उभी होती, आणि त्याच सेकंदांना ती भोवती फिरतही होती.

मावशीनं पुन्हा उमाशंकरला फोन लावला. तिचा आवाज अगदी सरळ होता. "कवठाळवाडीला शेवटच्या दिवशी काठी कुणाकडं होती रे?"

"म्हाताऱ्याकडंच म्याडम! माझी गाडी पंक्चर झाली, मी फाट्यावर गेलतो. म्हातारा म्हणला, जा, मी काठी धरून बसतो."

"दुसरं कुणी होतं का? लहान लेकरू?"

"तिथं रानात कुठलं लेकरू म्याडम! पर एक झालं. सकाळी ब्याटरी फुल लावलेली. पाऊण तासात येऊन बघतो तर काठी मेलेली. अन् काठीचं ते पांढरं टोपरं हातात धरवंना, इतकं गार. एवढ्या उन्हात! मी म्हणलं म्हाताऱ्यानं पाण्याच्या घागरीत बुडवलं का काय."

मावशीनं फोन ठेवला. कूलर घरघरत होता. मला त्याचं वारं एकाएकी नकोसं झालं.

तेवढ्यात रविकांत सर आले. ऑफिस त्यांचं. ते प्रत्येक गोष्ट तीनदा म्हणतात, आणि प्रत्येक वेळी भुवया थोड्या वर जातात. "झालं? झालं ना मॅडम? होऊन जायला पाहिजे. उद्या चारला फाईल पाठवायची." ते वाकून बघायला लागले. "हे काय? नाव नाही, गट नाही, उणे नऊ मीटर? कचरा आहे. काढा. डिलीट."

"कचरा न्हाई सर."

"मग काय आहे?"

मावशीनं माउसवरचा हात काढून घेतला.

"मॅडम, नाव लिहा, मालकाचा सहीचा जबाब जोडा, ठेवू. नावाशिवाय पुढचे लोक घेत नाहीत. उद्या चारपर्यंत. नाहीतर डिलीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एसटीनं आम्ही औशाला उतरलो, तिथून रिक्षानं कवठाळवाडी. वाटेत मावशी एकच वाक्य बोलली. "पुरल्या जागेवरनं मशीन गेलं तर मला पुन्हा कदीच कळायचं न्हाई."

दगडोबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षं, अंगावर बंडी, नजर दोराकडंच.

"कोन हाय?"

"मी, मामा. महानंदा."

"म्हानंदा." त्यानं वर बघितलं. "जाड झालीस."

"तुमी वाळलाव."

"वाळू न्हाई तर काय करू? म्या काय खुर्चीत बसून ऱ्हातो का? अन् ही कोन?"

"बहिणीची लेक, सुकन्या."

"हिचं तोंड कशानं उतरलंय? रिक्षा लागली?" मला म्हणाला, "रांजणातलं पाणी घे पोरी. गार हाय."

गार हा शब्द ऐकून मी पाणी घेतलं नाही.

मावशी ओट्याच्या पायरीवर बसली. तिनं विचारलं काहीच नाही. फक्त म्हणाली, "मामा, तुमी हिवराखाली डाव्या हातानं फेरी मारली."

दोर थांबला.

"कुणी बगितलं?"

"काठीनं लिहून ठेवलंय."

"ती बंद हुती! पोरगं फाट्यावर गेलं तवा तिचा दिवा इझला हुता. म्हणून तर म्या..." म्हातारा थांबला. हातातला दोर त्यानं उगाच पुन्हा उलगडला. "काठी लिवती, हे म्हाईत हाय मला. इझल्यावर बी लिवती हे कुणी सांगितलं न्हाई."

"मला का न्हाई सांगितलं, मामा? एकोणीस वर्सं झाली."

"तुझ्याच भल्यासाठी." तो आता तिच्याकडं न बघता भिंतीशी बोलल्यासारखा बोलायला लागला. "आईला जागा कळली की आई तिथं जाती. जाती अन् हाक मारती. हाक आली की लेकराचा पाय अडकतो. फुडं जायला पायजे, दुसऱ्या घरी जल्माला यायला पायजे, ते ऱ्हातं तिथंच. म्हणून सांगत न्हाईत. माझ्या बानं माझ्या आईला सांगितलं न्हाई. म्या तुला न्हाई."

"म्हणजे ती फुडं गेली?"

म्हातारा पुन्हा दोर वळायला लागला.

"मामा, तुमी मधी उभे होता तवा तुमच्या भोवतीनं कोन फिरत होतं?"

मी ओट्याचा खांब धरला. दगडोबा एकदम लहान वाटायला लागला. "ते बी लिवलं?"

"हाव."

"दिसत न्हाई," तो म्हणाला. "गवत दबतंय नुस्तं. पयल्यांदा वाटलं साप असंल. पर साप असं गोल फिरत न्हाई. म्या मधी उभा ऱ्हातो. पाय उचलायला गेलो तर उचलत न्हाई. खेळ सपला की मगच सोडतंय."

"कदीपासून?"

"दरसाली ती गेली त्या दिशी जातो म्या. पयल्या सालापासून. औंदा मोजणी बी त्याच दिशी आली."

"जाऊन काय करता?"

"काय करणार? दोन शब्द बोलतो. एकलं हाय ते तिथं. चिमे, आजा आलाय बघ, म्हणतो."

मावशी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण मी तिच्या कुठल्याही फाईलशी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "मला जागा ठावं नव्हती. नाव बी ठावं नव्हतं. मी एक डाव हाक मारली न्हाई, मामा. मग तिला कुणी बोलवून ठिवलंय?"

समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली, तिनं रामराम केला, दगडोबानं घेतला नाही. त्याला कळलं होतं. आईनं हाक मारू नये म्हणून त्यानं जागा लपवली, आणि दरवर्षी स्वतः जाऊन, नाव ठेवून, तोच हाक मारत राहिला होता.

"चल," तो शेवटी म्हणाला.

रान गावाला लागूनच होतं. काढणी झालेली, जमीन भेगाळलेली. हिवराखाली तेवढं वाळकं गवत गुडघाभर. बारा वाजून गेले असतील. झाडाचं पान हलत नव्हतं. मी बांधाच्या अलीकडं थांबले. मावशी चपला काढून आत गेली आणि जाऊन मधोमध उभी राहिली.

आधी काहीच झालं नाही. मग तिच्या डावीकडचं गवत दबलं, तळहाताएवढंच. उठलं. त्याच्या पुढचं दबलं. उठलं. सावकाश, थांबत थांबत, ते तिच्या भोवतीनं गेलं. मावशीची मान त्याच्यामागं वळत होती, जशी बाळाच्या मागं आईची वळते. मान खांद्यापर्यंत वळली की ती दुसऱ्या बाजूनं त्याला पुन्हा नजरेत पकडायची. पायाचं बोटही हलत नव्हतं. एक गोष्ट मला नंतर आठवली. त्या सबंध वेळात हिवरातला एकही पक्षी ओरडला नाही.

"मामा," मावशीनं तिकडंच बघत हाक मारली. "या. तुमीच सांगा. बोलावलंय तेनंच सांगायला पायजे."

"मला न्हाई जमायचं."

"मग मला सोडणार न्हाई ती. अन् मी बी सुटायचं बगणार न्हाई."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. आणि ते खरं होतं. तिला तिथंच राहायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता, आणि तो बघवत नव्हता. मी ओरडले, "आजोबा, जा ना!"

दगडोबा कडेपर्यंत गेला. डोक्यावरचा रुमाल काढला. घसा दोनदा साफ केला. कोतवाल होता तो, आयुष्यभर गावात दवंडी दिलेला माणूस, पण आवाज निघाला तो लेकराला झोपवताना निघतो तसा. "चिमे. आता आजा येणार न्हाई हं. आजा म्हातारा झाला. फुडच्या घरी वाट बगायलेत तुजी. जा बाई. हळू जा. माघारी बगू नको."

गवत मावशीच्या समोर दबलं आणि तसंच दबून राहिलं. मोजले तर दहा आकडे होतील इतका वेळ. मग उठलं. पलीकडचं दबलं नाही.

मावशी मटकन खाली बसली. तिचे पाय मोकळे झाले होते. मी धावत गेले आणि तिचे तळवे हातात घेतले. बर्फासारखे गार होते, आणि जमीन तापलेली.

जबाबाच्या कागदावर दगडोबानं तिथंच बांधावर मांडी घालून सही केली. मोठी, कोतवाली सही. मावशीनं विचारलं, "नावाच्या रकान्यात काय लिहू?"

"तिचंच लिही."

"हाक मारल्यासारखं होईल."

म्हाताऱ्यानं विचार केला. "कागदावर ऱ्हाऊ दे. तोंडात नको. अन् आता तू बी यायचं न्हाई, म्या बी न्हाई."

"हाव, मामा."

"जेवून जा."

"चारच्या आत पोचायचंय."

"एवढा वकत न्हाई आलीस अन् आता घाई," तो पुटपुटला आणि मला म्हणाला, "हिला वाटेत काई तरी खाऊ घाल गं. रंग बग कसा झालाय."

आम्ही औशाच्या स्टँडवर भजी घेतली. मावशीनं एक खाल्लं आणि बाकीची मला दिली. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

ऑफिसात पोचलो तेव्हा साडेतीन वाजत आले होते. मावशीनं फाईल उघडली. गट नंबर लिहिला. काय आहे त्या जागी लिहिलं, दफनभूमी. नाव, चिमी. जबाबाचा फोटो जोडला. मग डाव्या फेरीचे बिंदू उलटे लावले, आणि उणे नऊचे नऊ झाले. लाल पट्टीच्या आत आता हिरवा ठिपका दिसायला लागला. रस्त्याला तिथं वळावं लागणार होतं.

पाठवायच्या आधी ती नेहमी एकदा सगळं वाचून बघते. तिनं स्क्रिप्ट चालवली. बारा गावं, एकही उणे नाही. कवठाळवाडीच्या त्या तुकड्याचे बिंदू तिनं पुन्हा छापले. बाहेरचं कडं आलं. मधला थांबलेला बिंदू आला, अडतीस मिनिटांचा. आणि यादी संपली.

तिनं पेनड्राइव्हमधली कालची मूळ फाईल लावली, जिला तिनं हातही लावला नव्हता. तिथंही एकच कडं.

रविकांत सर मागं येऊन उभे होते. "झालं? झालं ना? चला पाठवा." मग ते वाकले. "चिमी कोण, मॅडम?"

"माझी लेक."

सरांच्या भुवया वर गेल्या त्या तिथंच राहिल्या. त्यांना काही तरी बोलायचं होतं. पण कामाचा माणूस कामाचंच बोलतो. "आणि काल हिच्या आत अजून एक रिंग होती ना? मी बघितली होती. तुम्ही काढली का?"

"मी न्हाई काढली, सर," मावशी म्हणाली. "ती गेली."

आणि तिनं फाईल पाठवली.